निंबवाडीची कोरी जागा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या फडताळात फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असायची, डब्यांच्या बुडाखाली पत्रकं, पंख्याचं वारं लागून उडू नयेत म्हणून वहीत पत्रकं. भाकरी बांधायला मात्र आई पत्रक घेऊ द्यायची नाही. शाई उतरते, म्हणायची. पीठ काढायला फडताळ उघडलं की आतल्या दारावर चिकटवलेल्या ओळी डोळ्यांसमोर यायच्या, आणि सहा-सात वर्षांच्या वयात 'निषेध', 'पिळवणूक', 'तात्काळ' हे शब्द मला बाजरी आणि हुलगे यांच्याइतकेच घरचे वाटायचे. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना घराच्या पुढच्याच खोलीत होता. नगरच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बोळात. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं आणि पावतीपुस्तकं पोटासाठी, पत्रकं मनासाठी. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन दिवसभर एका लयीत वाजायचं. शाळेतून आल्यावर मी त्याच आवाजात जेवायचे, अभ्यास करायचे आणि सुट्टीच्या दिवशी दुपारची झोपायचे. मशीन थांबलं की जाग यायची.

मुद्रितं आई तपासायची. शेंगदाणे निवडता निवडता एक डोळा कागदावर असायचा. ऱ्हस्व-दीर्घ ती दादांपेक्षा चांगलं जाणायची. पण मजकुराला तिनं कधी हात लावला नाही. "शब्द तुमचे, वेलांट्या माझ्या," म्हणायची. पत्रकाखाली कुणा माणसाचं नाव नसायचं. कुठल्या तरी समितीचं असायचं, आणि ती समिती म्हणजे बहुतेक वेळा दादा, त्यांचे दोन मित्र आणि आमच्या घरचा चहा. माझं नाव त्यांनी समता ठेवलं. हे ओझं लेकराच्या डोक्यावर कशाला, असं माझी मावशी बारशाला म्हणाली होती म्हणे. पस्तिशीत आठवणी लिहायला बसलेय म्हणून लोक हसतात, हसू देत. मला आयुष्यातलं सगळं सांगायचं नाही. आमच्या बोळाच्या टोकाला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, एका टेबलाभोवती मी जे शिकले तेवढं सांगायचं आहे. आजवर लिहिलेल्या प्रत्येक ओळीला मी त्या टेबलाची देणेकरी आहे.

त्या माडीवर लहान रेल्वे मंडळ होतं, हौसेनं स्टेशनची छोटी प्रतिकृती करणाऱ्यांचं. आजही आहे. मंडळाची जन्मकथा मी इतक्यांदा ऐकली आहे की तिथं हजर असल्यासारखी सांगू शकते. गेनूकाका हे निंबवाडी स्टेशनावरचे निवृत्त पॉइंट्समन. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेण्यासाठी सांधे बदलायचे, ते त्यांचं काम. देशमाने सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि लहानपणी निंबवाडीला मामाकडे राहिलेले. चहाच्या टपरीवर दोघांचा वाद लागला, की निंबवाडीच्या पाण्याच्या टाकीला पाय किती. सर म्हणाले चार, गेनूकाका म्हणाले सहा. वाद इतका चिघळला की दोघं पॅसेंजरनं निंबवाडीला गेले. टाकीला पायच नव्हते. ती दगडी भिंतीवर बसवलेली होती. एकानं तिच्या सावलीत बालपण काढलेलं, दुसऱ्यानं नोकरी; आणि दोघांच्याही डोक्यात निराळीच टाकी उभी. परतीच्या गाडीची वाट बघत दोघं फलाटावर बसले तेव्हा सर म्हणाले, "गेनूभाऊ, हे स्टेशन आपल्याला दिसतंय तोवर मोजून ठेवू." काकांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "चला, भिंतीपासनं धरू."

गिरणीच्या माडीवर जिना चढून गेलं की समोरच्या भिंतीवर सरांच्या सुरेख अक्षरात दोनच शब्द होते : 'अंदाज बंद.' खाली गिरणी घरघरायची, जमिनीच्या फळ्या थरथरायच्या, आणि त्या थरथरीत चौदा फूट लांबीच्या टेबलावर निंबवाडी स्टेशन उभं होतं, एका फुटाला साडेतीन मिलिमीटर या मापानं. साडेतीन मुहूर्तांच्या देशात हेच माप शोभतं, असं सर म्हणायचे. दुकानात मिळणारे परदेशी बनावटीचे छोटे रूळ त्यांनी घेतले नव्हते. आपली गाडी साडेपाच फुटी रुळावर चालते, त्या हिशेबानं टेबलावर दोन रुळांमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर पाहिजेत, आणि दुकानातला रूळ त्याहून अरुंद. पावणेतीन मिलिमीटरचा फरक. कुणाला कळणार होता? पण एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या रज्जाकभाईंना त्यांनी मंडळात घेतलं, आणि रज्जाकभाईंनी सुट्टीच्या दिवसांत एकेक चाक स्वतः कातून काढलं. रुळांखालचे स्लीपर सागवानाच्या काड्यांचे, रूळ एकेका खिळ्यानं ठोकलेले. खालून पिठाची धूळ सतत वर यायची आणि रुळांवर बसायची. धूळ बसली की वीज पोचत नाही, इंजिन अडतं. म्हणून दर रविवारी गाडी चालवण्याआधी तिघं स्पिरिटचं फडकं घेऊन चौदा फूट रूळ पुसायचे, देवघरातली भांडी पुसावीत तसे. कितीही घाई असो, पुसल्याशिवाय गाडी नाही.

मंडळाचा दुसरा नियम साक्षींचा. जी गोष्ट आज उभी आहे ती जाऊन मोजायची. जी पडली, पाडली गेली, तिला तीन साक्षी लागायच्या, मग त्या माणसांच्या असोत, कागदाच्या किंवा जागेवर उरलेल्या खुणेच्या. तिन्ही जुळल्या की वस्तू टेबलावर बसायची, आणि ज्यांनी साक्ष दिली त्यांनी टेबलाखाली शिरून बरोबर त्या जागेच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. वर कुणाचं नाव नाही. तिसरा नियम गोळ्याचा. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून खऱ्या रेल्वेत एक लोखंडी गोळा असायचा. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नसे. मंडळात रज्जाकभाईंनी आणलेली बेअरिंगमधली एक गोळी होती. ती या टोकाच्या माणसाकडून त्या टोकाच्या माणसाच्या तळहातावर पडली तरच गाडी हलायची. आणि ते तिघं साठीतले, पन्नाशीतले पुरुष ती गोळी इतक्या गंभीरपणे देत-घेत की पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू यावं.

मला हसू आलं नव्हतं. मला राग आला होता.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला विचारत होते की तू कुणाच्या बाजूची. मैत्रिणीबरोबर माडीवर गेले, टेबल पाहिलं. स्टेशनमास्तरचं घर होतं, त्याच्या खिडकीला पडदा होता. मालधक्का होता, कडुनिंब होता, कडुनिंबाखाली झोपलेलं कुत्रंसुद्धा होतं. आणि फलाटाच्या पलीकडे, रूळ ओलांडल्यावर, हिरव्या-पिवळ्या गवताच्या मधोमध हातभर लांबीचा कोरा प्लायवूड होता. रंग नाही, गवत नाही, काही नाही. मी विचारलं, इथं काय होतं. गेनूकाका म्हणाले, "गँगचाळ हुती." रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनची चाळ. एवढंच म्हणाले आणि रूळ पुसायला लागले. मास्तरच्या खिडकीला पडदा आहे आणि उन्हातान्हात रूळ सांभाळणाऱ्यांच्या घराच्या जागी लाकूड. मला पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. मी घरी आले ती मनात पत्रक घेऊनच.

पुरावाही घरातच होता. फडताळाच्या आतल्या दारावर, पिठाच्या डब्याच्या बरोबर समोर, माझ्या जन्माआधीचं दादांचं पत्रक चिकटवलेलं होतं : 'निंबवाडीच्या चौदा कुटुंबांना पाण्याचा नळ द्या.' चौदा. हा आकडा मी बाराखडीबरोबर वाचलेला. मी एका बैठकीत लिहिलं. मथळा दिला, 'खेळण्यातली रेल्वे आणि पुसलेली माणसं'. दादांनी वाचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी लग्नपत्रिकेचं काम बाजूला सारलं आणि माझं पत्रक स्वतः जुळवलं, अक्षरांचे खिळे एकेक उचलत. आईनं मुद्रित तपासलं. "जुळणी सुरेख आहे," म्हणाली. मग जरा थांबून, "समते, तू तिथं एकदाच गेलीस ना?" मी म्हणाले, "अन्याय एकदाच पाहावा लागतो." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आज हात कागदावर थांबतो.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन सरांच्या शाळेच्या सभागृहात होतं. टेबलाचे चार भाग सुटे करून, टेम्पोत गाद्या घालून नेले होते. मी दाराशी उभी राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलं. आई-बाप लेकरांना गाडी दाखवायला आलेले, त्यांनी घडी घालून खिशात टाकलं. एकानं त्यात भेळ घेतली. आणि तासाभरानं आतली गाडी थांबली. देशमाने सर दाराशी आले. त्यांचे कान लाल झाले होते. "आत या," म्हणाले, "गेनूभाऊ बोलावतायत."

गेनूकाका टेबलाच्या कडेला स्टुलावर बसले होते. नाकावर चष्मा, हातात माझं पत्रक. लोक भोवती उभे. त्यांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचलं, अडखळत पण एकही शब्द न गाळता, जणू मीच त्यांना प्रस्तावना लिहून दिली होती. 'श्रमिकांच्या घामावर बोळा फिरवणारे' इथं ते थांबले, रज्जाकभाईंकडे बघून म्हणाले, "रज्जाक, ह्ये तुला." रज्जाकभाई म्हणाले, "मला का? तुमी वाचून राहिले, तुमालाच." लोक हसले. मी हसले नाही.

वाचून झाल्यावर काकांनी चष्मा काढला. "पोरी, लई ब्येस लिव्हलंय. एकच सांग. चौदा खोल्या म्हनतीस. कुनी मोजल्या?"

"कागदावर आहे. जुनं पत्रक आहे."

"म्हंजे तू न्हाई मोजल्या."

"तुम्ही तरी कुठे मोजल्यात? तुम्ही तिथं नोकरी केलीत आणि जागा कोरी ठेवलीत."

"व्हय," ते म्हणाले. "मी स्टेशनच्या बाजूला ऱ्हायचो. चाळ रुळापल्याड. आठ असत्याल, धा असत्याल. ह्यो झाला अंदाज. तो इथं चालत न्हाई, माजा बी न्हाई चालत. ती चाळ पाडली, आमी मोजायच्या आधी पाडली. म्हनून ती जागा रंगवली न्हाई. गवत लावलं असतं तर तिथं काय नव्हतंच असं झालं असतं. कोरं ठिवलंय. कोरं म्हंजे पुसलेलं न्हवं. कोरं म्हंजे येनं बाकी हाय."

सर हळूच म्हणाले, "मंडळाचा नियम आहे, समता. जो उणीव दाखवतो त्यानंच ती मोजून आणायची." त्यांनी माझ्या हातात मोजपट्टी ठेवली. पोलादी, तीस मीटरची, चामड्याच्या डबीतली. तिचं वजन मला अजून आठवतं.

पुढच्या रविवारी गेनूकाका आणि मी पॅसेंजरनं निंबवाडीला गेलो. दुसऱ्या मार्गाचं काम चालू होतं, मुरमाचा नवा भराव रुळांच्या कडेनं लांबवर पसरला होता. चाळीची जोती शोधली. पाच सापडली. उरलेली असतील तर भरावाखाली. काकांनी पट्टीचं एक टोक धरलं, मी दुसरं. दहा फूट रुंद, बारा फूट खोल. दहा फूट म्हणजे टेबलावर पस्तीस मिलिमीटर, बारा म्हणजे बेचाळीस. एवढ्यात माणसं राहिली होती. मी वहीत मापं लिहिली आणि मनात ठरवलं, नऊ भरावाखाली आहेत. पाच आणि नऊ चौदा.

मग काका मला गावात हौसाबाईंकडे घेऊन गेले. त्यांचे यजमान गँगमन होते, त्यांचा सगळा संसार त्या चाळीत झालेला. मोजायला आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी जेवायला बसवलं. हुलग्याची शेंगोळी, लसणाची तिखट, वर कच्च्या तेलाची धार, बरोबर बाजरीची भाकरी. हुलगे आमच्याही घरी व्हायचे. पण आईची शेंगोळी पातळ रश्शात असायची, ही घट्ट, ताटाला धरून राहणारी. दुसऱ्यांदा वाढताना त्या म्हणाल्या, "खा की, मोजायला ताकद लागती."

जेवण झाल्यावर मी वही काढली. हौसाबाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. पहिली खोली त्यांची. दुसरी भिकाजीची, तो पावा वाजवायचा. तिसरी रहिमानची, त्याची बायको शिवायची. चौथी मुकादमाची, तिला तेवढी फरशी. अंगठा पेरावरून पेरावर जात होता, प्रत्येक पेराला एक माणूस, एक भांडण, एक बाळंतपण. नवव्या पेराशी अंगठा थांबला. "संपली," त्या म्हणाल्या.

"चौदा होत्या," मी म्हणाले.

"न्हाई ग. नऊ."

"छापलेलं आहे, मावशी."

त्यांनी गेनूकाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागानं नाही, समजूत काढल्यासारखं. "छापलंय त्ये बरं केलं. पन मी ऱ्हायलेय तिथं, बाई."

गावातून आम्ही स्टेशनकडे परतलो. फलाटावर बसल्यावर काका म्हणाले, "तुजा बाप आल्ता त्येव्हा मी डूटीवर हुतो. तरनाबांड गडी, खांद्याला पिशवी. चाळीच्या प्रत्येक दाराला त्यानं आपल्या हातानं कागद डकवला. दार मोजल्याबिगर कसा डकवील? त्याला इचार."

मी विचारलं. दादा मशीनला शाई लावत होते. म्हणाले, "चौदा."

"हौसाबाई नऊ म्हणतात. नावानिशी."

रोलर त्यांच्या हातात तसाच राहिला. ते म्हणाले, "नऊ लिहिलं असतं तर साहेब म्हणाला असता, नऊच ना. नवानं कुणी हलत नाही, समते. चौदा म्हटलं की गर्दी दिसते."

"मग नळ आला?"

आई आतल्या दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. "नाही आला," दादा म्हणाले.

आता ज्यांनी पत्रकं लिहिली नाहीत त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पाच खोल्यांचा फरक. पण मी त्या आकड्यावर वाढले होते. आमच्याकडे देव नव्हते, सण फार नव्हते, होती ती ही एकच श्रद्धा, की आपल्या घरात खोटं छापलं जात नाही. आणि पेच असा, की सरांनी दादांचं जुनं पत्रक माझ्याकडून मागून मंडळाच्या फायलीत लावलं होतं. तो कागद होता, आणि कागद म्हणजे एक साक्ष. जोती पाच सांगत होती आणि भरावाखालचं कुणाला ठाऊक नव्हतं. हौसाबाई नऊ सांगत होत्या. कागद चौदा सांगत होता. साक्षी जुळत नव्हत्या. जोवर तो कागद उभा होता तोवर चाळ उभी राहणार नव्हती. तो कागद मागे घेऊ शकणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. मी एकदा सरांना विचारलंही, पत्रक फायलीतून काढून टाकलं तर? सर म्हणाले, "मग आपणही पुसलंच, असं नाही का होणार?" माझाच शब्द त्यांनी मला परत दिला, अगदी मृदूपणे.

मी रोज चाळ करत होते तरी. पुठ्ठ्याच्या नऊ खोल्या, पस्तीस बाय बेचाळीस. बसवायला परवानगी नव्हती, म्हणून त्या खोक्यात ठेवलेल्या. रज्जाकभाईंनी तांब्याच्या तारेचा इवला नळ वळून दिला, चाळीसमोर लावायला. कुठल्याही वसाहतीला असतो तसा. मी तो कौतुकानं चिकटवला. घरात आई रोज ताट वाढायची आणि आमच्या दोघांच्या मधल्या गप्पपणात एकटीच बोलायची. एके दिवशी ती दादांना म्हणाली, "इतकी वर्षं मी तुमच्या वेलांट्या तपासल्या. तो आकडा मला तेव्हाच विचारायला पाहिजे होता. चूक माझीही आहे." दादा जेवता जेवता उठले नाहीत, एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही रूळ पुसत होतो. खाली गिरणी चालू. जिन्यावर पावलं वाजली ती मी ओळखली. ट्रेडल चालवून दादांचा उजवा पाय जरा जोरानं पडतो. ते वर आले, 'अंदाज बंद' समोर थांबले, वाचलं. छापणारा माणूस, आधी अक्षराची बैठक पाहिली असणार. मग टेबलाकडे आले. गेनूकाकांनी ओळख दाखवली नाही, स्टूल पुढे सरकवलं. दादा बसले नाहीत. स्टेशनभोवती एक फेरी मारली, मास्तरचं घर, टाकीची दगडी भिंत, सगळं पाहिलं. कोऱ्या प्लायवूडपाशी उभे राहिले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "दारं नऊ होती. मी नऊ कागद डकवले. चौदा हे मी लिहिलं."

सरांनी फायलीतून पत्रक काढलं. दादांनी खिशातलं पेन काढून चौदाच्या आकड्यावर काट मारली, वर नऊ लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पत्रकाखाली स्वतःचं नाव लिहिलं. मग गेनूकाका म्हणाले, "आता खाली." माझे वडील गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. पाठ वळवता येत नव्हती, रज्जाकभाईंनी कंदिलासारखी बॅटरी धरली. वर मी खोल्या बसवत होते, खालून पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती. ते बाहेर आले, अंगाला पीठ लागलेलं, आणि बसवलेल्या चाळीकडे पाहताच त्यांचा चेहरा बदलला.

"हा नळ कुणी लावला?"

मी म्हणाले, "मी."

"काढ तो." आवाज पत्रकातला होता, मी ओळखते. "नळ नव्हता. कधीच नव्हता. सगळं भांडण नळाचंच होतं. पाणी फलाटावर. बायका रूळ ओलांडून जायच्या. खोल्या मोजल्यास, पाणी कुठून यायचं हे विचारलं नाहीस?"

नव्हतं विचारलं. भिंतींची मापं होती माझ्याकडे, मिलिमीटरपर्यंत. मी नखानं तो नळ उपटला. गेनूकाका बारीक हसले. "आता कसं," म्हणाले. "बाप-लेक मिळून एक मानूस हुतंय."

पुढे मी हंडे घेतलेल्या तीन बायका केल्या, चाळीकडच्या रुळालगत उभ्या. मंडळाची गाडी वेळापत्रकानं चालते. सकाळच्या वेळेला मालगाडी तिथल्या बाजूच्या रुळावर येते आणि पॅसेंजर जाईपर्यंत थांबून राहते. ती थांबली की बायका आणि फलाटावरचा नळ यांच्यामध्ये डब्यांची भिंत. काही लिहावं लागत नव्हतं. पुढच्या प्रदर्शनात एक लहान मुलगी बापाला विचारत होती, "या बायका का थांबल्यात?" बाप बघत राहिला, आणि मग त्यानं तिला सांगितलं. मी दाराशी रिकाम्या हातानं उभी होते. दादा माझ्या शेजारी. चौदा हा आकडा जे करू शकला नव्हता ते नऊ खोल्या आणि एक थांबलेली गाडी करत होत्या, हे आम्ही दोघांनी एकाच वेळी पाहिलं, आणि त्यावर आम्ही आजवर बोललेलो नाही.

हौसाबाईंना नातवानं मोटरसायकलवर आणलं होतं. त्यांनी पदर सावरून टेबलावर वाकून चाळ पाहिली, पहिल्या खोलीवर बोट ठेवलं. मग मालगाडी आली, थांबली. त्या बघत राहिल्या आणि मान हलवली.

"चुकलंय," म्हणाल्या.

मी वही काढली.

"थांबायचो न्हाई आमी. कवा सुटंल त्याचा नेम न्हाई, घरी लेकरू. खालनं जायचो. डब्याखालनं. आदी हंडा सरकवायचा, मग आपुन."

सरांनी विचारलं, साक्षी. गेनूकाका म्हणाले, "म्या पाह्यलंय. वरडायचो त्यांच्यावर." दादा म्हणाले, "मीही." त्याच आठवड्यात मी एक बाई काढून टाकली आणि दुसरी केली, ओणवी, डब्याखाली, दोन चाकांच्या मधे, हंडा तिच्या पुढे. मी केलेल्या सगळ्या कामांत ते सर्वांत लहान आहे. पाऊण इंचही नाही.

आता गेनूकाका नाहीत. त्यांच्या टोकाला मी उभी राहते आणि गोळी माझ्या तळहातावर पडते. रूळ अजून पुसतो, गिरणी अजून आहे. निंबवाडीला दुहेरी मार्ग झाला, विजेच्या तारा आल्या. ती ओणवी बाई बसवली त्या दिवसापासून एक नियम वाढला, काकांनी घातलेला. मालगाडीला सुटायची वेळ झाली की एकानं टेबलाच्या पलीकडे जायचं, चिमट्यानं ती बाई उचलायची आणि फलाटावर नळापाशी ठेवायची. ती पोचल्याशिवाय गोळी द्यायची नाही. पॅसेंजर निघून गेलेली असो, वेळापत्रक चुकत असो. सरांनी त्या वेळी हरकत घेतली होती. "गेनूभाऊ, खऱ्या स्टेशनावर असं कुणी बघायचं का गाडी सोडताना?" "न्हवतं बघत," काका म्हणाले. "मी बी न्हवतो बघत." मग ते आपले दुखरे गुडघे टेकून टेबलाखाली शिरले, आणि बाहेर आल्यावर आम्ही एकेक करून आत जाऊन सही केली. तिथं, बरोबर त्या रुळाच्या खाली, त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं आहे : 'एवढं खोटं हाय.'